गारठलेल्या धामणीचे हृदय: ठोके हवा ठरवते की धामण?

खानापूरच्या बाई (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. भाताची सुगी आटोपली की उंदरांच्या मागे धामणी घरांजवळ येतात, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. गेल्या जानेवारीत एका सकाळी शेजारच्या गोठ्यालगतच्या सिमेंटच्या हौदात सहा-सात फुटांची धामण पडलेली आढळली. पाणी इतके गार होते की त्यात हात घालवत नव्हता. बाहेर निघण्यासाठी ती रात्रभर धडपडली असावी, कारण हौदाच्या कडेच्या शेवाळावर घसरल्याच्या खुणा होत्या. काठीने वर काढली तेव्हा ती ओल्या दोरखंडासारखी लोंबत होती. श्वास चाललेला दिसत नव्हता आणि डिवचल्यावर जीभही बाहेर येत नव्हती. काकूंनी तिला पुरण्यासाठी खड्डा काढायला गड्याला सांगितलेसुद्धा.

तेवढ्यात जवळच्या गावातील एक सर्पमित्र आले. त्यांनी तिला उचलून खळ्याकडेच्या खडकावर कोवळ्या उन्हात ठेवले आणि सर्वांना लांब बसवले. पाऊण तासाने शेपटीचे टोक हलले, आणखी अर्ध्या तासाने जीभ दिसली आणि मग ती बांबूच्या बेटात शिरून दिसेनाशी झाली. माझ्या वर्गातील निम्मी मुले हे पाहत होती. त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नाहीत.

पहिला प्रश्न असा, की तिचे हृदय थांबून पुन्हा सुरू झाले होते का? दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. आपण शिकवतो की सरपटणारे प्राणी शीतरक्ती असतात, त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलते. मग हृदयाचे ठोकेही हवेच्याच स्वाधीन असतात, असे समजायचे का? थंडी पडली की हृदय मंद, ऊन आले की जलद, आणि त्यात प्राण्याचे स्वतःचे काही चालत नाही, असे मुलांना सांगितले तर ते खरे ठरेल का? जाणकारांनी थोडे विस्ताराने लिहावे, ही विनंती.

टिळकवाडीचे निवृत्त प्राध्यापक

बाई, प्रश्न फार चांगला आहे आणि मुलांचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा सोपा आहे, म्हणून आधी तो घेतो. धामणीचे हृदय थांबले नव्हते. ते इतके सावकाश चालले होते की बाहेरून कळणे शक्य नव्हते.

थोडा हिशोब करून पाहा. शरीराचे तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की सरपटणाऱ्या प्राण्यांचे ठोके साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. समजा, एखाद्या सापाचे हृदय ३० अंशांना मिनिटाला ४० वेळा पडते. २० अंशांना ते १६ ते २० वर येईल, आणि तुमच्या हौदातील पाणी १४ अंशांचे धरले तर ९ ते १३ वर. म्हणजे पाच-सहा सेकंदांत एक ठोका. श्वासांमधील खंडही त्याच प्रमाणात लांबतो. सापाला आपल्यासारखे श्वासपटल नसते आणि तो मुळातच थांबून थांबून श्वास घेतो, त्यामुळे दोन मिनिटे पाहून ‘श्वास नाही’ असे कोणीही म्हणेल. शिवाय ती रात्रभर पोहून थकलेली होती. अशा धडपडीत स्नायूंमध्ये साचलेले लॅक्टिक आम्ल निचरायला सापाला तासन्‌तास लागतात, म्हणून तिच्या गळाठ्यात थकव्याचाही वाटा होता. सगळा दोष थंडीवर टाकणे मला पटत नाही.

आता तुमचा प्रश्न. हृदयाचा ठोका मुळात मेंदूकडून येत नाही, तो हृदयाच्या स्नायूतच जन्मतो. केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केल यांनी १८८३ मध्ये हृदयाच्या मज्जातंतूंविषयी जो गाजलेला निबंध लिहिला तो मुख्यतः कासवाच्या हृदयावरील प्रयोगांवर आधारलेला होता, कारण कासवाचे हृदय बाहेर काढले तरी बराच वेळ चालत राहते आणि त्याचे भाग वेगवेगळे करून पाहता येतात. शरीरातून परत आलेले रक्त ज्या पातळ पिशवीत जमते त्या सायनस व्हिनोससमध्ये ठोक्याचा उगम असतो. तेथील पेशी थंड झाल्या की त्यांच्यातील रासायनिक क्रिया मंदावतात आणि ठोके उतरतात. एवढ्यापुरते तुमचे पाठ्यपुस्तक बरोबर आहे.

परंतु त्या पिशवीपर्यंत दोन प्रकारचे मज्जातंतू पोहोचलेले असतात. व्हेगस मज्जातंतू ॲसिटिलकोलीन सोडून ठोके कमी करतो, तर अनुकंपी मज्जातंतू आणि रक्तात मिसळलेले ॲड्रेनॅलिन ते वाढवतात. ॲट्रोपीन देऊन व्हेगसचा प्रभाव काढून टाकला की निवांत पडलेल्या बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांचे ठोके लगेच चढतात. याचा अर्थ असा, की प्राणी शांत असताना व्हेगसने हृदय सतत आवरून धरलेले असते. बैलगाडीचा वेग वाट आणि चढ ठरवतात, हे खरे, पण कासरा गाडीवानाच्या हातात असतो. तापमान ही वाट आहे. कासरा सापाकडेच आहे.

याचा सर्वात सुंदर पुरावा १९६३ सालचा आहे. जॉर्ज बार्थोलोम्यू आणि व्हान्स टकर यांनी ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्यावर एक साधा प्रयोग केला. सरड्याला आधी तापवत नेले, मग गार होऊ दिले आणि दोन्ही वेळा शरीराचे तापमान व ठोके एकत्र नोंदवले. ठोके जर फक्त तापमानाचे गुलाम असते, तर एका तापमानाला एकच आकडा यायला हवा होता. तसे झाले नाही. शरीराचे तापमान तेवढेच असताना तापत असलेल्या सरड्याचे ठोके जास्त होते आणि गार होत असलेल्या सरड्याचे कमी. पुढे हाच फरक इतर अनेक सरडे, कासवे आणि मगरी यांच्यातही दिसून आला.

हे कशासाठी, याचे उत्तर तुमच्या खडकावरच आहे. उन्हात पडलेल्या प्राण्याची कातडी आधी तापते. कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि हृदय जलद चालले, तर ती ऊब रक्ताबरोबर वेगाने आत जाते. ऊन गेल्यावर उलट करायचे: कातडीकडचे रक्त कमी करायचे, ठोके उतरवायचे आणि मिळवलेली ऊब जास्तीत जास्त वेळ आत धरून ठेवायची. गॅलापागोस बेटांवरील समुद्री इग्वाना थंड पाण्यात शेवाळ खायला उतरतो आणि मग काळ्या खडकांवर ऊन खात बसतो. तो गार होण्याच्या साधारण दुप्पट वेगाने तापतो, असे बार्थोलोम्यू यांना १९६५ मध्ये आढळले. अंगात शेगडी नसलेला प्राणी उष्णता निर्माण करू शकत नसेल, पण ती लवकर घेणे आणि उशिरा सोडणे त्याच्या हातात असते, आणि ते तो हृदयाच्या साहाय्याने करतो.

म्हणून ‘शीतरक्ती’ हा शब्द वर्गातून काढून टाकावा, असे माझे जुने मत आहे. चोर्ल्याच्या कातळावर दुपारी पडलेल्या घोरपडीचे रक्त तुमच्या-माझ्या रक्ताइतकेच ऊन असते. ‘अनियततापी’ म्हणा; तो शब्द अवघड आहे, पण खोटा नाही.

सर्पमित्र, खानापूर तालुका

बाईंनी सांगितलेल्या प्रसंगातला सर्पमित्र मी नव्हे, परंतु त्यांनी जे केले ते अगदी योग्य होते. सरांच्या उत्तराला माझ्या अनुभवाची थोडी जोड देतो.

थंडीच्या दिवसांत असा गारठलेला साप सापडला की लोक दयेपोटी दोन चुका करतात. एक तर त्याला चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ ठेवतात, नाही तर त्याच्यावर गरम पाणी ओततात. मी सुरुवातीच्या काळात एका डुरक्या घोणसाला शंभर वॅटच्या दिव्याखाली ठेवले होते. तो शुद्धीवर आला, पण दोन दिवसांनी त्याच्या पाठीवरची कातडी भाजल्यासारखी सुटली आणि तो वाचला नाही. तेव्हा मला कारण कळले नव्हते, ते सरांचे लिखाण वाचून आज कळले. हृदय मिनिटाला आठ-दहाच ठोके देत असेल, तर कातडीवर पडलेली उष्णता आत वाहून नेणार कोण? ती जागच्या जागी साठते आणि कातडी शिजते. कोवळे ऊन किंवा उन्हात ठेवलेल्या बारदानाची ऊब सावकाश मिळते आणि हृदयाला त्या वेगाने जागे होता येते. त्यामुळे घाई करू नये, हाताळू नये, तोंडात पाणी घालू नये.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. साप निपचित आहे म्हणून त्याला हात लावू नये. नाग असो, मण्यार असो की घोणस, गारठलेला विषारी सापही चावू शकतो, आणि ऊब मिळाल्यावर तो केव्हा सावध होईल याचा अंदाज मला इतक्या वर्षांनीही अचूक बांधता येत नाही. आमच्या गावात कन्नड बोलणारे शेजारी धामणीला ‘केरे हावु’ म्हणतात आणि ती निरुपद्रवी असल्याचे सगळ्यांना माहीत असते, तरी लांबून पाहून ‘ही केरेच’ असे ठरवून नागाला हात घातल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. वन विभागाला किंवा जाणत्या माणसाला कळवावे. कोणताही वन्य साप घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, मग तो जगवण्यासाठी का ठेवलेला असेना.

निपाणीचा पशुवैद्य

सरांचे उत्तर वाचनीय आहे, मात्र दोन ठिकाणी मला भर घालावीशी वाटते आणि एका ठिकाणी थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो.

मतभेद आधी. कासरा फक्त मज्जातंतूंचा आहे, असा समज सरांच्या लिखाणातून होऊ शकतो. सीबॅकर आणि फ्रँकलिन यांनी २००१ मध्ये दाढीवाल्या सरड्यांत व्हेगस आणि अनुकंपी या दोन्ही मज्जातंतूंचा परिणाम औषधे देऊन बंद केला, तरीही तापताना आणि गार होताना ठोक्यांत पडणारा फरक शिल्लक राहिला. मग हा फरक घडवते कोण? त्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की प्रोस्टाग्लँडिन या स्थानिक रासायनिक द्रव्यांचा त्यात मोठा वाटा आहे. आपण ताप उतरवण्यासाठी आणि सूज कमी करण्यासाठी ज्या गोळ्या घेतो, त्यांपैकी पुष्कळ गोळ्या हीच द्रव्ये तयार होणे रोखतात. तशा औषधाने सरड्याच्या ठोक्यांतील हा फरक कमी झाला. म्हणजे गाडीला गाडीवान आहे, पण बैलही थोडे स्वतःच्या बुद्धीने चालतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खाऱ्या पाण्यातील मगरीवर उष्णता सोडल्यावर तिच्या शरीराच्या गाभ्याचे तापमान वाढण्याआधीच ठोके वाढू लागतात, असे याच दोघांना २००३ मध्ये दिसले. कातडीला उष्णता लागली, एवढी बातमी हृदयाला पुरते. हृदय जर फक्त स्वतःच्या तापमानाप्रमाणे चालत असते, तर त्याने गाभा तापेपर्यंत वाट पाहिली असती. बाई, तुमच्या मुलांना एकच प्रयोग सांगायचा असेल तर हा सांगा.

पहिली भर आकाराविषयी. ही युक्ती मोठ्या प्राण्याला फायद्याची आहे. घोरपड, अजगर, मगर यांच्या शरीरात ऊब आत पोहोचायला वेळ लागतो, तेव्हा रक्ताने ती वाहून नेणे परवडते. भिंतीवरच्या पालीचे शरीर इतके लहान असते की तिला ऊन मिळाले की ती अशीही काही मिनिटांत तापते आणि सावलीत गेली की तितक्याच लवकर गार होते. तिच्या बाबतीत हृदयाचा वेग बदलून विशेष काही हाती लागत नाही.

दुसरी भर माझ्या कामातली आहे. कासव किंवा साप मेला आहे, हे ठरवणे आमच्यासाठी खरोखर अवघड असते. स्टेथोस्कोपने बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. खवल्यांवरून आवाज नीट येत नाही आणि कवचातून तर नाहीच. म्हणून डॉप्लर यंत्राची कांडी मानेच्या मुळाशी धरून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकावा लागतो. उलट बाजूही तेवढीच फसवी आहे: सापाचे डोके वेगळे झाल्यानंतरही त्याचे हृदय कित्येक तास चालू राहू शकते, कारण सरांनी सांगितल्याप्रमाणे ठोका स्नायूतच जन्मतो. त्यामुळे आमच्याकडे ‘ठोका आहे म्हणजे जिवंत’ आणि ‘ठोका लागत नाही म्हणजे मृत’ ही दोन्ही विधाने चुकीची ठरतात. गारठलेल्या प्राण्याविषयी साधा नियम असा, की आधी त्याला ऊब द्यावी आणि मगच निर्णय घ्यावा. भूल देतानाही तेच. प्राणी थंड असेल तर इंजेक्शनचे औषध रक्तातून पसरतच नाही, म्हणून दुसरा डोस द्यावासा वाटतो, आणि नंतर प्राणी तापला की दोन्ही डोस एकदम अंगावर येतात. ही चूक मी एकदा केली आहे.

कृष्णाकाठचा, चिकोडी

मी जीवशास्त्राचा माणूस नाही. आमचा ऊस नदीकाठी आहे आणि मगरी आम्हाला नवीन नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात रायबाग तालुक्यात पाण्याने वेढलेल्या घराच्या छतावर मगर येऊन बसल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल. आमच्याकडचे जुने लोक सांगतात, की मगर पाण्याखाली जाताना आपले हृदय बंद करून ठेवते आणि म्हणून ती तासभर वर येत नाही. कन्नड गडी तिला ‘मोसळे’ म्हणतात, पण गोष्ट दोन्ही भाषांत हीच सांगितली जाते. वरची चर्चा वाचून शंका आली, की यात काही तथ्य आहे का?

टिळकवाडीचे निवृत्त प्राध्यापक

डॉक्टरांची दुरुस्ती मान्य. प्रोस्टाग्लँडिनचा भाग मी गाळायला नको होता.

चिकोडीकरांच्या प्रश्नाविषयी. जुन्या लोकांनी जे पाहिले ते बरोबर आहे, त्यांनी काढलेला अर्थ थोडा वाढवलेला आहे. मगर पाण्याखाली गेल्यावर ठोके कमी होतात, हृदय बंद होत नाही. आणि किती कमी होतात, यावर संशोधकांनी स्वतःच बरीच फसगत करून घेतली होती, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पूर्वीच्या प्रयोगांत प्राण्याला बांधून पाण्यात बुडवत असत आणि ठोके एकदम खाली आलेले पाहून ‘बुडी मारल्याचा परिणाम’ अशी नोंद करत असत. गाँट आणि गान्स यांनी १९६९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील केमन मगरीवर लक्षपूर्वक काम केले. तेव्हा दिसले की कोणी त्रास दिला नसताना ती आपणहून पाण्याखाली जाते, तेव्हा ठोके फारसे उतरत नाहीत. मात्र माणूस जवळ आला की ठोके धाडकन खाली येतात, मग ती पाण्यात असो की कोरड्यावर. बांधून बुडवण्याच्या प्रयोगांत बुडीपेक्षा भीतीच अधिक मोजली गेली होती. भ्यालेली मगर निपचित होते, श्वास रोखते आणि हृदय आवरते. हे काम व्हेगसचे आहे. दबा धरून बसणाऱ्या प्राण्याला याचा उपयोग उघड आहे: हालचाल नाही, बुडबुडे नाहीत, प्राणवायूचा खर्चही कमीत कमी.

मगरीच्या हृदयाची रचना तर याहून विलक्षण आहे. साप, सरडे आणि कासवे यांच्या हृदयाचा खालचा कप्पा, म्हणजे निलय, अर्धवटच विभागलेला असतो. मगरीचा मात्र आपल्यासारखा पूर्ण विभागलेला असतो, म्हणजे तिचे हृदय चार कप्प्यांचे. तरीही तिच्या उजव्या निलयातून एक महाधमनी थेट शरीराकडे जाते आणि दोन महाधमन्यांना जोडणारे एक छिद्रही असते. १८३३ मध्ये इटलीतील बार्तोलोमेओ पानिझ्झा यांनी ते वर्णिले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवर दातेरी झडप असते. श्वास रोखलेला असताना फुफ्फुसांत रक्त पाठवून उपयोग नसतो, तेव्हा ती झडप आवळून मगर काही रक्त फुफ्फुसांना वगळून पुन्हा शरीराकडे फिरवू शकते. याचा नेमका फायदा कोणता, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. बुडीसाठी, पचनासाठी, की हा केवळ जुना वारसा? मला स्वतःला पचनाचा तर्क आकर्षक वाटतो, पण वाटणे हा पुरावा नव्हे.

कासवात हाच खेळ श्वासागणिक दिसतो. कासव बराच वेळ श्वास रोखून धरते आणि मग लागोपाठ काही श्वास घेते. श्वास घेतेवेळी ठोके वाढतात आणि फुफ्फुसांकडे जाणारे रक्त वाढते. श्वास थांबला की व्हेगस ठोके उतरवतो आणि फुफ्फुसाकडची धमनीही आवळतो. हवा असेल तेव्हाच पंप जोरात चालवायचा, असा सरळ हिशोब आहे. प्रशांत महासागरातील चर्मपृष्ठी समुद्री कासवांवर यंत्रे बसवून घेतलेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २५ ठोके, बुडीत सरासरी सुमारे १७ आणि अगदी कमीत कमी मिनिटाला एक ठोका, असे आकडे मिळाले.

आणि हृदय बंद ठेवण्याच्या सर्वात जवळ पोहोचलेला प्राणी मगर नव्हेच. उत्तर अमेरिकेतील चित्रित कासव गोठलेल्या तळ्याच्या तळाशी, ३ अंशांच्या आसपासच्या पाण्यात, जवळजवळ प्राणवायूशिवाय तीन-चार महिने काढू शकते. त्या काळात त्याचे हृदय काही मिनिटांतून एकदा पडते. प्राणवायूशिवाय चालणाऱ्या चयापचयातून साठणारे आम्ल ते आपल्या कवचातील क्षारांच्या मदतीने मारून टाकते. आपली बेळगावची थंडी त्यापुढे काहीच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने आपण सकाळी कानटोप्या चढवतो एवढेच, इथल्या कासवांवर तशी वेळ येत नाही.

खानापूरच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. फळ्यावर मी लिहिलेले ‘ठोके तापमानावर अवलंबून असतात’ हे वाक्य पुसले नाही, त्याच्याखाली दाढीवाल्या सरड्याचे दोन आलेख काढले: एक तापतानाचा, एक गार होतानाचा. मुलांनी दोन्ही रेषा वेगळ्या का, हे जवळजवळ स्वतःच शोधून काढले.

सातवीतील एका मुलीने दोन प्रश्न विचारले आहेत आणि ती उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही. तिच्या शेतात एकदा अजगराने कोंबडी गिळली होती आणि तो दोन दिवस तिथेच पडून होता. तो झोपला होता, तर त्याचे हृदयही मंद झाले असेल का? आणि भीतीने मगरीचे हृदय मंद होत असेल, तर तिने हातात धरलेल्या सरड्याची छाती इतकी धडधडत का होती?

निपाणीचा पशुवैद्य

त्या मुलीला सांगा, की अजगर पडून होता, पण त्याचे हृदय त्याच्या आयुष्यातील सर्वात कठीण काम करत होते.

अजगर कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो आणि त्या काळात त्याचे आतडे, यकृत वगैरे अवयव आक्रसलेले असतात. भक्ष्य गिळले की ते सगळे पुन्हा वाढवायचे, पोटात आम्ल तयार करायचे आणि मांस कुजण्याआधी पचवायचे, हे सर्व तो जागेवरून न हलता करतो. मोठ्या भक्ष्यानंतर त्याचा प्राणवायूचा वापर कित्येक पटींनी वाढतो आणि ठोकेही पुष्कळ चढतात. त्यासाठी व्हेगसचा कासरा ढिला पडतो. शिवाय मज्जातंतूंशी संबंध नसलेले काही रासायनिक संदेशही हृदयाला चालना देतात. अजगराच्या बाबतीत हिस्टामिनचा त्यात भाग असल्याचे दिसून आले आहे. २००५ मध्ये ब्रह्मी अजगरावरील एका अभ्यासात खाल्ल्यानंतर ४८ तासांत निलयाचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. नंतरच्या सर्वच अभ्यासांत एवढी वाढ मिळाली नाही, म्हणून तो आकडा फळ्यावर लिहिताना जपून लिहावा. ठोके वाढतात, याबद्दल मात्र वाद नाही. आणि म्हणूनच खाऊन पडलेल्या अजगराला डिवचू नये. तो घाबरला की भक्ष्य ओकून टाकतो, आणि एवढा खर्च केलेले सगळे वाया जाते.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. सरडा हातात धरला, अगदी हळुवारपणे धरला तरी, त्याचे ठोके वाढतात, हे प्रयोगातही दिसले आहे. मगरीचे ठोके उतरतात. भीती एकच असली तरी पुढची योजना वेगळी असते. सरड्याचा भरवसा पळण्यावर आहे. हाताची पकड जरा सैल झाली की त्याला एका उडीत कुंपण गाठायचे आहे, आणि त्यासाठी स्नायूंमध्ये रक्त आधीच पोहोचलेले असावे लागते. मगरीचा भरवसा न दिसण्यावर आहे. मात्र मगरीला खरोखर पकडले, दोराने ओढले, तिला झुंजावे लागले, की तिचेही ठोके चढतात. म्हणजे मंद होणे हा मगरीचा स्वभाव नव्हे, तो तिचा पहिला डाव आहे.

तिला आणखी एक गोष्ट पाहायला सांगा, त्यासाठी काहीही पकडावे लागत नाही. हरणटोळ झाडावर सरळ उभा चढतो, तेव्हा त्याचे डोके हृदयाच्या वर जाते आणि रक्त शेपटीकडे उतरू पाहते. मानेजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब जाणणारी चेतनाग्रे असतात. दाब घसरल्याचे कळताच ती ठोके वाढवायला लावतात. झाडावर राहणाऱ्या सापांचे हृदय म्हणूनच डोक्याच्या बरेच जवळ असते आणि पाण्यात राहणाऱ्यांचे शरीराच्या मध्याकडे, कारण पाण्यात रक्ताला खाली ओढणारा भार भोवतालचे पाणीच पेलते. शाळेमागच्या करवंदीच्या जाळीत हरणटोळ दिसला, तर तो वर चढताना मध्येच मान लांब करून थांबतो, तेव्हा त्याच्या आत नेमके काय चालले असेल, याचा अंदाज तिला आता बांधता येईल.

सर्पमित्र, खानापूर तालुका

करवंदीच्या जाळीत हरणटोळाबरोबर चापडा हा विषारी सापही असतो, आणि तोही हिरवाच दिसतो. दोन हात अंतर ठेवून पाहायला सांगा, बाई.